दक्षिण आफ्रिकेला हवामानासाठी मिळालेले ८.५ अब्ज डॉलर गेले कुठे?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. श्रीमंत देशांनी दक्षिण आफ्रिकेला कोळसा सोडायला दिलेल्या ८.५ अब्ज डॉलरचं काय झालं, अशा भागीदारीतून विकसनशील देशाच्या पदरात खरंच काही पडतं का, आणि अमेरिकेने अंग काढून घेतल्यावर सगळं बारगळलं का. ऊर्जा प्रकल्पांची कर्जप्रकरणं वाचणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे जरा आकड्यांत शिरून सांगतो.

मुळात एवढे पैसे हातात पडलेच नव्हते, ते देऊ केले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि युरोपीय संघाने दक्षिण आफ्रिकेबरोबर 'जस्ट एनर्जी ट्रान्झिशन पार्टनरशिप', म्हणजे कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे न्याय्य पद्धतीने जाण्यासाठीची भागीदारी, जाहीर केली. या देशाची ८० टक्क्यांहून जास्त वीज कोळशावर होते. 'एस्कॉम' ही सरकारी वीज कंपनी सुमारे ४०० अब्ज रँडच्या (रँड हे तिथलं चलन) कर्जात बुडालेली, आणि लोडशेडिंग तर पाचवीला पुजलेलं. अशा घरात ८.५ अब्ज डॉलर येणार म्हटल्यावर मथळे मोठेच होणार.

त्या रकमेची फोड वर्षभराने, दक्षिण आफ्रिकेच्या गुंतवणूक आराखड्यात बाहेर आली. सवलतीची कर्जं ६३ टक्के, व्यापारी कर्जं आणि गुंतवणूक १८ टक्के, हमी १५ टक्के आणि अनुदान फक्त ४ टक्के. म्हणजे परत न करता वापरता येतील असे पैसे जेमतेम ३३ कोटी डॉलर. त्याच आराखड्याने पुढच्या पाच वर्षांची गरज मांडली होती जवळपास १,५०० अब्ज रँड, आणि ८.५ अब्ज डॉलरचे तेव्हाच्या भावाने होत होते १३० अब्ज रँडच्या आसपास. गरजेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, आणि त्यातलंही बहुतेक कर्ज.

म्हणून ही फसवणूक होती असं मी म्हणणार नाही. स्वस्त कर्जाला किंमत असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीच्या विकास बँकांनी प्रत्येकी ३० कोटी युरोची कर्जं दिली, तीही बाजारापेक्षा बऱ्याच कमी व्याजाने. पण ती गेली देशाच्या तिजोरीत, कुठल्या एका वीजकेंद्राच्या नावाने नाही. त्यामुळे "त्या पैशातून नेमकं काय बांधलं?" याचं उत्तर बोट दाखवून देता येत नाही. शिवाय कर्ज युरोत आणि करवसुली रँडमध्ये. रँड घसरला की स्वस्त कर्जही महाग पडतं. घोषणेच्या बातमीत हा मुद्दा कधी येत नाही.

आता कोमाटीबद्दल, कारण माझ्या मते या विषयात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे. म्पुमलंगा हा कोळशाचा प्रांत. तिथलं कोमाटी वीजकेंद्र १९६१ मध्ये सुरू झालं होतं. त्याचा शेवटचा, नववा संच ३१ ऑक्टोबर २०२२ ला बंद झाला आणि लगेच त्याच आठवड्यात जागतिक बँकेने कोमाटीसाठी ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. हे पैसे वरच्या ८.५ अब्जांतले नव्हेत, पण विचार तोच होता: जुनं केंद्र उतरवायचं, त्याच जागेवर १५० मेगावॉट सौर, ७० मेगावॉट पवन आणि १५० मेगावॉटची बॅटरी उभी करायची, कामगारांना नवं कौशल्य द्यायचं. यातही जवळपास ४४ कोटी बँकेचं कर्ज, पावणेपाच कोटी कॅनडाच्या निधीतून सवलतीचं कर्ज आणि अनुदान १ कोटी.

तारखा बघा. संच आधी बंद, पैसे नंतर मंजूर आणि पर्यायी काम त्याच्याही नंतर. एस्कॉमच्या कायम नोकरांना दुसऱ्या केंद्रांवर सामावून घेतलं गेलं. पण कंत्राटी कामगार, त्यांच्या जिवावर चालणारी दुकानं, भाड्याच्या खोल्या यांचा विचार मागेच राहिला. देशाच्याच राष्ट्रपती हवामान आयोगाने २०२३ मध्ये कोमाटीचा आढावा घेतला. स्थानिक लोकांशी बोलणं आणि त्यांच्या पोटापाण्याची तयारी उशिरा सुरू झाली, असाच त्याचा सूर होता. मग व्हायचं ते झालं. कोळशाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला कोमाटीचं नाव आयतंच सापडलं आणि विजेचा तुटवडा असताना कॅम्डेन, हेंड्रिना, ग्रूटव्लेई ही केंद्रं बंद करणं २०३० पर्यंत पुढे ढकललं गेलं. करारात 'जस्ट', म्हणजे न्याय्य, हा शब्द होता. त्याचा हिशोब मात्र आधी नीट मांडला गेला नव्हता. मेगावॉट मोजायला सोपे असतात आणि दात्यांच्या अहवालात शोभूनही दिसतात.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातूनच येतं. भागीदारीचा उपयोग होतो, पण जिथे देशाचं स्वतःचं ठरलेलं असतं तिथे. दक्षिण आफ्रिकेतलंच उदाहरण घ्या. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खासगी वीजनिर्मितीची परवानामुक्त मर्यादा १ मेगावॉटवरून १०० मेगावॉट केली आणि २०२३ च्या सुरुवातीला ती मर्यादाच काढून टाकली. यासाठी परदेशातून एक डॉलर यायची गरज नव्हती. लोडशेडिंगला विटलेल्या लोकांनी आणि कारखान्यांनी धडाधड सौर पॅनेल बसवले आणि २०२३ अखेर छतावरची सौर क्षमता ५,००० मेगावॉटच्या आसपास गेली. माझ्या मते सगळ्या परिषदांपेक्षा या एका नियमबदलाने तिथे जास्त हलवाहलव केली. (अर्थात ज्यांना पॅनेल परवडले त्यांचाच अंधार आधी गेला, हेही खरं.)

ब्राझीलचा अॅमेझॉन निधी मला रचनेच्या दृष्टीने जास्त आवडतो. २००८ मध्ये सुरू झाला, मुख्य देणगीदार नॉर्वे आणि सोबत जर्मनी. जंगलतोड कमी झाल्याचं दिसल्यावर पैसे येतात, येतात ते देणगी म्हणून, आणि ते कुठे खर्च करायचे ते ब्राझीलची स्वतःची विकास बँक बघते. दात्याचा सल्लागार मंत्रालयात ठाण मांडून बसत नाही. तरीही २०१९ मध्ये बोल्सोनारो सरकारने त्याच्या समित्या मोडीत काढल्या आणि निधी गोठला. जानेवारी २०२३ मध्ये लुला पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. चांगली रचनाही घरच्या राजकारणापुढे टिकत नाही.

तांत्रिक मदतीबद्दल थोडक्यात. २०१६ मध्ये माराकेशला सुरू झालेली 'एनडीसी पार्टनरशिप' मोठी रक्कम देत नाही. देशाने पॅरिस करारात दिलेलं वचन योजनांत उतरवायला माणसं आणि दाते जोडून देते. हे काम कंटाळवाणं आणि बातमीत न येणारं आहे, पण लहान देशाला बऱ्याचदा त्याचीच जास्त गरज असते. विकसनशील देशांना हवामानाच्या कामांसाठी पैसे देणाऱ्या हरित हवामान निधीसारख्या संस्थेकडे प्रस्ताव लावायचा तर कागदपत्रांचा जो डोंगर लागतो, तो चार-पाच अधिकाऱ्यांच्या खात्याला उपसता येत नाही.

राहिली अमेरिका. मार्च २०२५ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेच्या भागीदारीतून बाहेर पडली, इंडोनेशिया आणि व्हिएतनामबरोबरच्या अशाच भागीदाऱ्यांतूनही. बाकीचे देश कायम राहिले आणि मधल्या काळात डेन्मार्क, नेदरलँड्सही आत आले होते, त्यामुळे बारगळलं असं नाही. अमेरिकेच्या नावावरच्या साधारण १.०६ अब्ज डॉलरपैकी १ अब्ज ही 'होऊ शकणारी' व्यापारी गुंतवणूक होती. फायदा दिसला असता तर ती आली असती, नाहीतर तशीही नाही. खरं अनुदान होतं ५.६ कोटी डॉलर. बातमीत अब्ज गेल्याचं छापून आलं. पण या ५.६ कोटींवर जे अभ्यास, प्रशिक्षणं आणि लहान प्रकल्प आखले होते, ते रद्द झाले, आणि त्यांच्यासाठी दुसरा दाता शोधणं हे स्वस्त कर्ज मिळवण्यापेक्षा अवघड आहे.