पहिली फेरी एकदाच: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांत एकाच जातीच्या गेमबद्दल बरीच विचारणा आहे. एकदा उलगडले की पुन्हा तसेच खेळता येत नाहीत, असे हे गेम. त्यामुळे उत्तरं देताना एक पथ्य पाळलंय: कुलूप कुठे आहे ते सांगू, किल्ली तुमची तुम्ही शोधा.

प्रश्न: ‘आउटर वाइल्ड्स’ची तारीफ ऐकून तो घेतला. तीन तास झाले, सारखा मरतोय. लेव्हल वाढत नाही, नवं हत्यार नाही. करायचं तरी काय? वॉकथ्रू (गेम सोडवून दाखवणारं मार्गदर्शन) बघू का? (सातारा)

बघू नका. या गेममध्ये वॉकथ्रू बघितला की गेमच संपला.

२०१९ साली आलेल्या मोबियस डिजिटलच्या या अंतराळ-भटकंतीच्या गेममध्ये मिळवायची गोष्ट एकच, माहिती. पहिल्या दिवशी हाती आलेलं यान आणि सूट शेवटपर्यंत तेच राहतात. शेवट ठाऊक असलेला माणूस नवा खेळ सुरू करून अर्ध्या तासात तो गाठू शकतो. तुमची प्रगती हवी असेल तर ती यानाच्या मागच्या बाजूला असलेल्या नोंदवहीच्या संगणकात बघा. वेधशाळेतून बाहेर पडताना पुतळा तुमच्याकडे वळून बघतो, तिथपासून सगळं २२ मिनिटांच्या चक्रात फिरतं. सूर्य फुगतो, फुटतो आणि तुम्ही शेकोटीपाशी पुन्हा जागे होता. नोंदवही मात्र काही विसरत नाही.

तिची दोन रूपं आहेत. एकात ग्रहांचा नकाशा दिसतो, दुसऱ्यात धाग्यांनी जोडलेल्या चिठ्ठ्या. दुसरं रूप वापरा. ज्या चिठ्ठीवर नारिंगी खूण असेल तिथे अजून काही बघायचं शिल्लक आहे. दर फेरीला अशी एकच खूण निवडा आणि तिचाच पिच्छा पुरवा. ‘आज चार ग्रह उरकू’ असं ठरवणारे बहुतेक तिसऱ्या-चौथ्या तासालाच कंटाळतात.

मरण्याची कारणं बहुधा ठरलेली असतात. सूट न चढवता यानाबाहेर पाऊल टाकणं हे पहिलं. यात हसण्यासारखं काही नाही, सगळ्यांचंच होतं. दुसरं म्हणजे स्वयंचलित उड्डाण. ते नाकासमोर सरळ जातं, मध्ये सूर्य आला तर सूर्यात. म्हणून ग्रहांच्या पातळीच्या बरंच वर चढा, निशाण साधा आणि मगच ते सुरू करा. शिवाय ते तुम्हाला ग्रहाजवळ नेऊन थांबवतं, उतरवत नाही. उतरताना वेग जुळवण्याचं बटण दाबून धरा, खाली बघणारा कॅमेरा लावा आणि शेवटचा टप्पा थोडा-थोडा जोर देत उतरा. पाठीवरच्या जेटपॅकचं इंधन संपलं की तो तुमचा ऑक्सिजनच ढकलायला वापरतो, तेव्हा दोन्ही काटे एकदम बघत जा. झाडाजवळ उभं राहिलं की ऑक्सिजन भरतो.

सुरुवात जवळच्या चंद्रावरून करा. हात बसतो आणि सिग्नल ऐकण्याची दुर्बीणही नीट कळते. मग ती आकाशात फिरवा. बॅन्जो, ढोल, बासरी अशी वाद्यं ऐकू येतील. प्रत्येक वाद्यामागे एक प्रवासी आहे, त्याला जाऊन भेटा.

आता कुलपाविषयी एकच सांगतो. वाळूच्या घड्याळासारखे जे जोडग्रह आहेत, त्यांत एका ग्रहाची वाळू दुसऱ्यावर ओतली जात असते. मग कुठली जागा फेरीच्या आरंभी उघडी असेल आणि कुठली उत्तरार्धात, हे कागदावर मांडून बघा. उशिराची जागा गाठायची असेल तर शेकोटीपाशी डुलकी घेऊन वेळ पुढे ढकलता येतो. वाचताना घड्याळ थांबवायची सोयही सेटिंगमध्ये आहे. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यांनी ती जरूर चालू करावी. आणि पीसीवर खेळत असाल तर गेमपॅड घ्या. कीबोर्डवर यान उतरवता येतं, पण हौस फिटते.

प्रश्न: त्याच गेमनं डोकं गरगरतं, मळमळतं. उपाय? (पणजी)

सेटिंगमध्ये दृष्टिक्षेत्र (फील्ड ऑफ व्ह्यू) वाढवा, खोलीत दिवा लावा, पडद्यापासून थोडं लांब बसा. फ्रेम अडखळत असतील तर ग्राफिक्स उतरवा, कारण अडखळणारं चित्र जास्त त्रास देतं. पहिली मळमळ जाणवताच उठा. ‘एवढं संपवतो आणि थांबतो’ म्हणालात तर पुढचा तासभर आडवं पडून राहावं लागेल.

प्रश्न: ‘ओब्रा डिन’मध्ये २४ जणांचं नशीब जुळलं. उरलेल्यांचे चेहरे ओळखता येत नाहीत. अंदाजानं भरत गेलो तर चालेल का? (लंडन)

चालेल, पण मग खेळलात कशाला? ल्यूकस पोपच्या २०१८ सालच्या या गेममध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १८०७ साली निर्मनुष्य होऊन परततं. ६० जणांपैकी प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं, हे तुम्ही वहीत भरायचं असतं. तीन नोंदी बरोबर झाल्या की तिन्ही एकदम पक्क्या होतात. ही तीनची अट अंदाजपंचे भरणाऱ्यांना रोखण्यासाठीच आहे. खात्रीच्या दोन नोंदी हाताशी ठेवून तिसऱ्या जागी एकेक नाव बदलत राहिलं तर ती अट मोडता येते, हे खरं. पण तसं केलेल्या माणसाचा चेहरा नंतर आठवत नाही.

वहीतला चेहरा धूसर दिसत असेल तर त्याला ओळखण्याइतका पुरावा अजून तुमच्यासमोर आलेला नाही. त्याच्या मागे लागू नका. स्पष्ट चेहऱ्याखालचे त्रिकोण बघा. एक त्रिकोण म्हणजे सोपं, तीन म्हणजे अवघड. आधी एकवाले उरका. मग जहाजावरच्या चित्रकारानं काढलेल्या चित्रातला चेहरा निवडा आणि तो मृत्यूच्या ज्या-ज्या प्रसंगांत आहे त्यांवर खूण लावून ते सगळे पुन्हा बघा. मरणाऱ्याकडे बघायचं सोडा, मागे उभे असलेले लोक बघा. कोण कोणाबरोबर वावरतो, कोण हुकूम सोडतो, कोणाच्या अंगावर गणवेश आहे. प्रसंग दिसण्याआधी अंधारात जे संवाद ऐकू येतात, त्यांतली भाषा आणि उच्चार हाही पुरावाच. खलाशांच्या यादीत भारतातून आलेलेही आहेत. आपल्या वाचकांना तो कोपरा जरा लवकर सुटतो.

तरीही अडलातच तर खलाशी झोपलेले दिसतात तो प्रसंग काढा आणि झोळ्यांवर काय लिहिलंय ते बघा. यापुढे सांगणार नाही.

प्रश्न: आई साठीची आहे, कधी गेम खेळलेला नाही. तिला एक अनुभव द्यायचाय. कोणता गेम? (नाशिक)

‘जर्नी’. दॅटगेमकंपनीचा हा गेम २०१२ साली प्लेस्टेशन ३ वर आला. आता प्लेस्टेशन ४, पीसी आणि आयफोनवरही आहे. दोनेक तासांत संपतो. चालायचं, उडायचं आणि साद घालायची, एवढंच करायचं असतं. वाचायला जवळपास काही नाही, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

वाळवंटात मध्येच दुसरा एक प्रवासी भेटतो. तो जगात कुठेतरी बसलेला खराखुरा माणूस असतो. त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त साद देता येते. एकमेकांच्या जवळ राहिलं की दोघांचीही ओढणी उजळते, आणि तिच्याच जोरावर उडता येतं. साथीदार पडद्याबाहेर गेला तर त्या बाजूच्या कडेला पांढरी झळाळी दिसते. आईंना एवढंच सांगून ठेवा, बाकी काही नको.

सगळ्यात मोठी चूक इंटरनेटची. जोडणी बंद असेल तर पूर्ण गेम एकट्यानं संपतो आणि काय हुकलं हे कळतही नाही. वायफाय आधी तपासा. गेम एका बैठकीत होईल अशी वेळ काढा, आवाज मोठा ठेवा किंवा हेडफोन द्या. ऑस्टिन विंटरी यांच्या या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं, आणि पार्श्वसंगीताच्या विभागात व्हिडिओ गेमच्या वाट्याला ते तेव्हा पहिल्यांदाच आलं. अखेरची श्रेयनामावली चालू असताना टीव्ही बंद करू नका. वाटेत कोण-कोण भेटलं त्यांची नावं तिच्यानंतर येतात. आणि हो, त्यांच्या बाजूला बसून ‘इकडे जा, तिकडे जा’ सांगू नका.

प्रश्न: ‘अंडरटेल’ आम्हा दोघा भावांना एकाच पीसीवर खेळायचाय. सेव्ह (खेळाची साठवलेली नोंद) एकच दिसते. (लातूर)

एकच असते. सरळ उपाय म्हणजे विंडोजमध्ये दोघांची दोन खाती काढा. गेमच्या फाइली त्या-त्या खात्याच्या ‘ॲपडेटा’मधल्या ‘लोकल’मध्ये ‘अंडरटेल’ फोल्डरात राहतात, त्यामुळे आपोआप वेगळ्या होतील. खाती नको असतील तर खेळून झाल्यावर ते अख्खं फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवा. स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानावर) क्लाऊड सेव्ह चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर एकाची सेव्ह दुसऱ्याच्या डोक्यावर बसेल.

वेगळं ठेवणं इथे जास्त गरजेचं आहे. २०१५ सालचा टोबी फॉक्सचा हा गेम तुम्ही काय केलंत ते लक्षात ठेवतो, सेव्ह मागे नेली तरी. शत्रूचं नाव पिवळं झालं की त्याला सोडून देता येतं, हे दोघांनाही ठाऊक असू द्या. सगळ्यांना मारत सुटण्याची वाट पहिल्यांदा धरू नका. तिचा डाग पुढच्या शेवटांवरही उमटतो.

प्रश्न: आपल्याकडे बनलेला असा एखादा गेम? (पुणे)

तुमच्याच शहरातला आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’, २०२० साली आलेला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, हाती त्रिशूळ, आणि कथा सांगणारे दुर्गा नि विष्णू. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर केलेत. मारामारी पुढे-पुढे तीच ती वाटते आणि उड्या मारताना कॅमेरा दगा देतो, हे खरंच. पण महालांच्या सज्जांतून चालताना घाई करू नका. भिंतींवरची चित्रं बघण्यासाठी थांबलात तर तुमच्यामागे शत्रू लागत नाही.