आम्ही भरतो तो शिक्षण उपकर गावच्या जिल्हा परिषद शाळेपर्यंत पोहोचतो का?

पोहोचतो, पण बराच वळसा घेऊन आणि इतर पैशांत मिसळून.

तुमचा आयकर १,००,००० रुपये झाला, तर त्यावर ४ टक्के म्हणजे ४,००० रुपये आरोग्य व शिक्षण उपकर बसतो. २००४ साली प्राथमिक शिक्षणासाठी तो २ टक्के सुरू झाला, २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणाचा १ टक्का वाढला आणि २०१८ पासून आरोग्य धरून ४ टक्के झाला. मेख अशी की संविधानाच्या कलम २७० प्रमाणे आयकरात राज्यांचा वाटा असतो, उपकरात नसतो. तो केंद्राकडेच राहतो आणि समग्र शिक्षा (शालेय शिक्षणाची केंद्र-राज्य योजना), पोषण आहार अशा योजनांतून राज्यात येतो. त्यातही समग्र शिक्षेत ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याने घालायचे. शिक्षकांच्या पगाराचा, म्हणजे शाळांवरच्या सर्वांत मोठ्या खर्चाचा, मुख्य भार राज्याच्याच तिजोरीवर. त्यामुळे उपकर मूळ करात मिळवून राज्यांना हक्काचा वाटा द्यावा, असं माझं ठाम मत आहे. उपकर म्हटला की पैसा त्याच कामाला लागतो, हेही गृहीत धरू नका. माध्यमिकचा उपकर २००७ पासून गोळा होत होता, त्याच्या स्वतंत्र कोषाला मंजुरी मिळाली २०१७ साली!

शाळेच्या हातात पडतं ते संयुक्त शाळा अनुदान. समग्र शिक्षेच्या सुधारित निकषांत ३० पटापर्यंत (पट म्हणजे विद्यार्थीसंख्या) वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. म्हणजे २५ पटाच्या द्विशिक्षकी शाळेला महिन्याला साधारण ८३३ रुपये. त्यात वीजबिल, खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर. पट यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीतल्या नोंदीवरून धरतात, तेव्हा ती माहिती भरताना चूक झाली की शाळा खालच्या टप्प्यात जाते. दुसरी अडचण वेळेची. पैसे वर्षअखेरीस आले तर मार्चमध्ये घाईने बिलं जमवावी लागतात आणि न वापरलेली रक्कम परत जाते.

तुमच्या शाळेचं पाहायचं असेल तर आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हिशेब मागा. तिच्यात ७५ टक्के पालकच असतात आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख हे तिचं कायद्याने ठरलेलं काम आहे. तिथे दाद लागली नाही, तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मंजूर रक्कम, ती मिळाल्याची तारीख, खर्चाची प्रमाणकं (व्हाउचर) आणि उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत, एवढंच मागा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. त्याच अर्जात पोषण आहार आणि बांधकाम घुसवलंत, तर फेटाळायला आयतं कारण मिळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील टाका.