मी कोरकू आदिवासी आहे, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करतो आहे. माझ्याच भागातील शाळेत शिक्षक होता येईल का, आणि माझी मराठी आड येईल का?

आपण मेळघाटातील (जि. अमरावती) धारणी तालुक्यातील आहात, डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, सराव पाठाच्या वेळी आपल्या उच्चारांवर बरोबरीचे छात्राध्यापक हसले आणि एका शिक्षकांनी ‘पिकते तिथे विकत नाही, गावाकडे जाण्याचा नाद सोड’ असा सल्ला दिला, असे आपण लिहिले आहे. मीही कोरकू आहे आणि गेली पंधरा वर्षे मेळघाटातच पहिली-दुसरीचे वर्ग घेतो आहे. नेमणुकीविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती फारशी आपल्या हातात नसते. भाषेविषयीचे उत्तर मात्र लांबेल.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर, त्यानंतर 200 गुणांची अभियोग्यता चाचणी आणि राज्याचे शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल ही वाट आपल्याला ठाऊक असेलच. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने बी.एड.धारक प्राथमिक वर्गांसाठी अपात्र ठरले, त्यामुळे ‘पदविका करून काय मिळणार’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना तो निकाल दाखवावा. पेसाच्या, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतील राखीव भरतीच्या, भरवशावर मात्र स्वस्थ बसू नये. राज्यपालांच्या 2014 च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकासह काही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखली आणि धारणी व चिखलदरा हे दोन्ही तालुके त्या क्षेत्रात येतात, हे खरे. परंतु आंध्र प्रदेशात अशाच शाळांमधील शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2020 रोजी रद्द ठरवले आणि आपल्याकडील पेसा भरतीही पुढे न्यायालयात अडकली. म्हणून सर्वसाधारण गुणवत्तेवर निवड होईल इतका अभ्यास करावा.

जिल्हा परिषदेत निवड झाली की समुपदेशनात शाळा निवडावी लागते. 2010 ची सीईटी, म्हणजे तेव्हाची शिक्षक भरतीची परीक्षा, देऊन मी नोकरीला लागलो, तेव्हा सभागृहात प्रत्येक जण सपाटीवरचे गाव मिळावे म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. माझे नाव पुकारल्यावर मी धारणी तालुक्यातील शाळा मागितली, तेव्हा समोरच्या लिपिकाने पेन खाली ठेवून ‘घरी विचारले आहे का?’ असे विचारले. घर तेथून दोन डोंगर पलीकडेच आहे, असे मी सांगितले. सांगायचे असे, की ज्या तालुक्यातून बाहेर पडण्यासाठी लोक बदल्यांच्या याद्यांवर डोळे लावून असतात, तेथे जाणाऱ्याला स्पर्धा जवळजवळ नसते.

आता आपल्यावर जे हसले त्यांच्याविषयी. माझे सराव पाठ जानेवारी 2009 मध्ये घाटावरील एका जिल्हा परिषद शाळेत होते. माझ्या आधी आमच्या वर्गातील एका छात्राध्यापिकेचा पहिलीच्या मराठीचा पाठ झाला. तिने घराचे सुरेख रंगवलेले चित्र आणले होते. ‘हे काय आहे?’ असे विचारताच पुढच्या रांगेतील एक मुलगा उठून ठणठणीत आवाजात ‘उरा’ म्हणाला. कोरकूत घराला उरा म्हणतात, म्हणजे त्याचे उत्तर शंभर टक्के बरोबर होते. तिने हसून, अगदी प्रेमाने, ‘नाही बाळा, घर’ असे दुरुस्त केले. तो खाली बसला आणि पुढे तासभर त्याने तोंड उघडले नाही. त्या मुलीचा यात काही दोष नव्हता, तिला कोणी शिकवलेच नव्हते.

त्यानंतर माझा गणिताचा पाठ, घटक बेरीज. टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन सगळे रीतसर लिहिले होते. पण प्रस्तावनेचे तिन्ही प्रश्न वाया गेले, कारण मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि मी टाचणाकडे. शेवटी मी टाचण टेबलावर उलटे ठेवले, खिशातील चिंचोके जमिनीवर ओतले, उकिडवा बसलो आणि कोरकूत विचारले, किती आहेत? वर्ग एकदम सरकून माझ्याभोवती आला. मिया, बारी, आफाई, उफुन असा गलका सुरू झाला. दाराजवळ एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती, ती चिंचोक्यांपर्यंत पोहोचू शकत नव्हती. तिने भावाची मूठ धरली, एकेक बोट उघडत मोजले आणि पंजा पूर्ण उघडल्यावर तो माझ्या दिशेने वर करून ‘मोनोई’ म्हणाली. मोनोई म्हणजे पाच. मग मी त्याच पंजावर पुन्हा मोजून घेतले, या वेळी एक, दोन, तीन, चार, पाच असे मराठीत, आणि फळ्यावर 3 + 2 = 5 लिहिले.

पाठ निरीक्षण वहीत लाल शाईने शेरा आला: ‘फलकलेखन सुवाच्य. साहित्य परिणामकारक. माध्यमभाषेचा वापर नाही. पाठ पुन्हा घ्यावा.’ गुण 25 पैकी 11. दोन दिवसांनी तोच घटक मी दुसऱ्या शाळेत संपूर्ण मराठीत घेतला. मुले हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसली होती, एकानेही स्वतःहून उत्तर दिले नाही, मीच विचारले आणि मीच सांगितले. त्या पाठाला 25 पैकी 21 गुण मिळाले.

निरीक्षक वाईट मनुष्य नव्हते. व्हरांड्यात चहा घेताना ते मला म्हणाले, ‘तुमच्या भाषेचा मला राग नाही. पण चौथीच्या शिष्यवृत्तीचा पेपर कोरकूत येणार आहे का?’ मी गप्प राहिलो. तेव्हा मला हे ठाऊक नव्हते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्याने करावी, असे सांगणारा अनुच्छेद 350क 1956 पासून राज्यघटनेत आहे. माझ्या त्या पाठाच्याच वर्षी, ऑगस्ट 2009 मध्ये, शिक्षण हक्क कायदा संमत झाला आणि त्याच्या कलम 29 मध्येही शिकवण्याचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांच्या आडोशाला आपली यंत्रणा आजही आरामात बसलेली आहे, ही गोष्ट वेगळी.

कायद्यापेक्षा मला निरीक्षकांना एक साधी गोष्ट सांगायची होती. वऱ्हाडी बोलणारे मूल घरी ‘कुठी चालला’ ऐकते आणि शाळेत ‘कुठे चालला आहेस’ ऐकते. त्याला अंदाज बांधता येतो, कारण दोन्ही मराठीच आहेत. कोरकू ही मुंडा गटातील भाषा आहे, तिचे नाते संताळी आणि मुंडारीशी आहे, मराठीशी नाही. ज्या मुलाच्या घरी पाण्याला ‘डा’ म्हणतात त्याने ‘पाणी’ या शब्दाचा अंदाज कशावरून बांधावा? त्याच्यासाठी पहिलीचा पहिला दिवस म्हणजे परक्या मुलखात उतरल्यासारखा असतो. आपल्याला शिष्यवृत्तीपर्यंत जायचे आहे, हे मान्य. पण पहिल्याच दिवशी ज्याचे तोंड बंद केले ते मूल चौथीपर्यंत पोहोचणार कसे, हा प्रश्न निरीक्षकांच्या वहीत कोणत्याच रकान्यात नव्हता. मी पंधरा वर्षांत हा वाद त्यांच्याशी मनातल्या मनात किती वेळा जिंकलो असेन, याची गणती नाही.

म्हणून आपल्या उच्चारांविषयी स्पष्टच सांगतो. जे हसले त्यांपैकी निम्मे घरी ‘पानी’ आणि ‘कोन’ म्हणतात व पाठाच्या दिवशीच तेवढा ‘ण’ आठवून काढतात. उच्चार सहा महिन्यांत सुधारतात. ‘उरा’ बरोबर आहे हे त्याच क्षणी कळणे मात्र कोणत्याही अध्यापक विद्यालयात शिकवता येत नाही, आणि ते आपल्याजवळ आधीपासून आहे.

‘पिकते तिथे विकत नाही’ हे तर मला मुळीच पटत नाही. दिवाळीनंतर गावातील घरेच्या घरे सपाटीवर कामाला उतरतात, हरभऱ्याच्या सोंगणीला, वीटभट्ट्यांवर, आणि मुले सोबत जातात. बाहेरून आलेला शिक्षक हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ लिहून मोकळा होतो. मला मात्र कोणते कुटुंब कुठे गेले आहे, आजी गावात मागे राहिली आहे का आणि तिच्याजवळ एक मूल ठेवता येईल का, हे माहीत असते, कारण मीही लहानपणी तसाच मागे ठेवला गेलेला मुलगा आहे. होळीला सगळे परततात हेही मला माहीत असते. त्या दिवसांत मुले रस्त्यावर फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागत फिरतात, म्हणून मी तेव्हा चाचणी ठेवत नाही; होळी उलटून गेल्यावर ठेवतो आणि वर्ग भरलेला असतो.

आता काही गोष्टी, ज्या खरे तर आधी लिहायला हव्या होत्या. तालुका आपला मागावा, पण स्वतःचे गाव मागू नये. आपल्या गावात शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आपला चुलतभाऊ निघतो, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब नात्यातच विचारला जातो, आणि कोणीतरी दाखल-खारीज रजिस्टरमधील जन्मतारीख ‘थोडी मागे-पुढे’ करून मागतो. मला दोन वर्षे माझ्या गावातील शाळेत कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, पाठवले होते, तेव्हा सख्खे मामा याच कामासाठी आले होते. मी नाही म्हटले. त्यानंतर तीन वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत.

पगाराचेही सांगतो. मी शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावरचा शिक्षक, म्हणून महिना 3,000 रुपयांवर सुरुवात केली. प्राथमिक शिक्षणसेवकांना जानेवारी 2023 पासून 16,000 रुपये मिळतात. तीन वर्षे तेवढ्यातच काढायची आहेत, हे घरी आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पहिल्याच वर्षी घराच्या पत्र्यांसाठी कर्ज काढायला लावतात.

आणि निरीक्षकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी हट्टाने दुसरी संपेपर्यंत कोरकूतच शिकवत राहिलो. वर्ग बोलका होता, मी खूश होतो. त्यातील 14 मुले तिसरीत गेली तेव्हा केंद्रप्रमुखांनी, म्हणजे परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, वाचन तपासले आणि 9 मुलांना जोडाक्षर असलेले एक वाक्यही वाचता आले नाही. त्या दिवशी मला तो व्हरांड्यातील चहा आठवला. तेव्हापासून पहिलीत दिवाळीपर्यंत कोरकू पुढे आणि मराठी मागे, दिवाळीनंतर दोन्ही बरोबरीने, दुसरीत मराठी पुढे आणि अडले तेथे कोरकू, असे मी करतो. भिंतीवर प्रत्येक चित्राखाली दोन शब्द असतात, वर उरा, खाली घर. दोन्ही देवनागरीतच लिहितो, म्हणजे अक्षरओळख एकदाच करून घ्यावी लागते.

आपल्या राहिलेल्या पाठांचे म्हणाल, तर निरीक्षकांना विचारल्याशिवाय माझ्यासारखे टाचण उलटे ठेवू नये. टाचणातच ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात मुलांना येणारे कोरकू शब्द लिहावेत, म्हणजे ते पाठाचा भाग ठरतात आणि लाल शाईला जागा उरत नाही. टीईटीत मराठीचे 30 प्रश्न असतात, त्यांत व्याकरण आणि उताऱ्याचे आकलन येते. तेथे उच्चार कोणी ऐकत नाही. मी रोज सकाळी वर्तमानपत्रातील अग्रलेख मोठ्याने वाचत असे आणि अडलेले शब्द वहीत उतरवून समोर कोरकू अर्थ लिहीत असे. त्या वहीची 200 पाने झाली होती. आपणही आजपासून एक वही घालावी, आपल्याकडे परीक्षेपर्यंत अजून वेळ आहे.