उष्ण कटिबंधातल्या बेटावर बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारं यंत्र) रोज दुपारी उतरतो, म्हणजे वादळ येतंय का?

नाही, तो उतार रोजचाच. उष्ण कटिबंधात हवेचा दाब भरती-ओहोटीसारखा दिवसातून दोनदा चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. फरक साधारण 2 ते 3 हेक्टोपास्कलचा (हे दाब मोजायचं एकक). ओझोन आणि बाष्प सूर्यप्रकाश शोषून तापतात, त्यातून ही लाट उठते. थंड प्रदेशात ती कमी-जास्त दाबाच्या मोठ्या उलथापालथीत हरवून जाते. बॅरोमीटरच्या तबकडीवरचं 'पाऊस', 'कोरडं' तिकडच्या हवेसाठी लिहिलेलं. बेटावर ते शोभेपुरतंच.

दुपारची सर तर बहुधा समुद्रावरचा वारा डोंगराला भिडून वर चढला की येते, दाबाच्या काट्याला तिचा पत्ताही नसतो.

मग बघायचं काय? आजचा चारचा आकडा कालच्या चारच्या आकड्याशी ताडून बघा. तो 3-4 हेक्टोपास्कलने खाली असेल, किंवा सकाळी चढायचं सोडून काटा उतरतच राहिला, तर मात्र लगेच हवामान खात्याचा इशारा तपासा. समुद्रसपाटीला एरवी दाब 1010 च्या आसपास असतो. 1979 च्या 'टिप' वादळाच्या केंद्रात तो 870 पर्यंत घसरला होता.