बाईक चालवताना घालायच्या जॅकेटवर 'सीई लेव्हल २' लिहिलंय, म्हणजे जॅकेट सर्टिफाइड आहे असं समजायचं का?

नाही भावा, तसं धरून चालू नकोस. तू लिहिलंयस की दुकानदार मेश (जाळीदार) जॅकेट दाखवून 'सीई लेव्हल २ आहे, डोळे झाकून घ्या' म्हणतोय. सीई म्हणजे युरोपातल्या नियमांत बसतं अशी खूण. तो खोटं बोलत नसेल पण ते लेव्हल २ जॅकेटचं नाही, आतल्या आर्मरचं, म्हणजे मार झेलणाऱ्या पॅडचं आहे. कोपर, खांदे, गुडघ्याच्या पॅडसाठी ईएन १६२१-१ हे युरोपियन स्टँडर्ड आहे, त्यात पॅडवर ५ किलोचं वजन आपटतात आणि पलीकडं किती मार पोचला ते मोजतात, सरासरी ३५ किलोन्यूटनच्या (हे जोर मोजायचं माप) आत राहिला तर लेव्हल १ आणि २० च्या आत राहिला तर लेव्हल २. रस्त्यावर घासटताना कापड टिकेल का, शिलाई उसवेल का, याचा त्यात काहीच संबंध नाही.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगतोय. कारखाने चालू होते, गगनबावड्याला जाताना कळ्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरनं वळणावर चिखल आणि पाला सांडलेला, त्यावर मागचं चाक गेलं आणि मी डाव्या कुशीवर घासटत गेलो, स्पीड फार तर पन्नास असेल. घरी येऊन जॅकेट बघितलं तर कोपराचं लेव्हल २ चं पॅड एकदम शाबूत, पण ते ज्या खिशात होतं त्याची शिलाईच उसवलेली, पॅड सरकून पार दंडाकडं गेलेलं आणि कोपराला तळव्याएवढी कातडी नव्हती. दोन आठवडे हात सरळ होत नव्हता. आतल्या लेबलवर जॅकेटचं स्वतःचं स्टँडर्ड कुठंच नव्हतं, ते मी घेताना बघितलंच नव्हतं.

जॅकेट-पँटचं स्टँडर्ड वेगळं आहे, ईएन १७०९२, साल २०२०. त्यात एएए, एए, ए, बी, सी असे क्लास आहेत. कापड काँक्रीटवर घासून बघतात, खांदे-कोपर-गुडघे-खुबा हे सगळ्यात जास्त मार खाणारे भाग, तिथं ए ला साधारण ४५ च्या स्पीडची टेस्ट, एए ला ७० ची आणि एएए ला १२० ची. याचा अर्थ ७० ला पडलास तर काही होणार नाही असा घेऊ नको हां, ते मशीनवरचं मोजमाप आहे, एकाची दुसऱ्याशी तुलना करायला. बी म्हणजे घासटायला ए सारखंच पण आर्मर नसतं, आणि सी म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारी जाळी, ती एकटी घालून रस्त्यावर जायचंच नाही.

दुकानात टॅग बघत बसू नको, जॅकेट उलटं करून आत शिवलेलं लेबल बघ. बाईकवाल्याचं छोटं चित्र आणि शेजारी क्लासचं अक्षर पाहिजे, नंबर १७०९२-२ असेल तर एएए, -३ म्हणजे एए, -४ म्हणजे ए. सोबत माहितीपुस्तिका पण असायला पाहिजे. आपल्याकडं हेल्मेटला आयएसआय सक्तीचं आहे तशी जॅकेटला सक्ती नाही, त्यामुळं हे आपणच तपासायचं.

अजून एक, पाठीचा खिसा चाचपून बघ. बऱ्याच जॅकेटात तिथं नुसता फोम असतो, कारण १७०९२ मध्ये पाठीचं पॅड कुठल्याच क्लासला कंपल्सरी नाही. ते वेगळं घे, ईएन १६२१-२ लेव्हल २ चं, त्यात मर्यादा ९ किलोन्यूटनची आहे, लेव्हल १ ला १८.

तू रोज कागल एमआयडीसीला हायवेनं जातोस म्हणालास, तर माझं मत एए घे. पण एप्रिल-मेच्या उन्हात एए अंगात घालवणार नसेल तर ए चं मेश घे आणि रोज घाल, खुंटीला लटकलेल्या एए पेक्षा ते लाख पटीनं बरं. घेताना गाडीवर बसून हँडल धरून बघ, पॅड बरोबर कोपरावर बसतंय का आणि हातानं फिरवलं तर सरकतंय का, सरकत असेल तर एक साईझ लहान माग. लेबलचा फोटो इथं टाकलास तर मी बघून सांगतो.