नाक्यावरचं स्केचबुक : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी रस्त्यावर बसून वॉटरकलरमध्ये शहराचं रोजचं जगणं वहीत कसं टिपायचं यावर लिहिलं होतं. त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे या पानांत बसणार नाहीत, म्हणून एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि काहींना मुद्दाम जास्त जागा दिलीय कारण नेमकं तिथेच लोक अडकतात आणि वही कपाटात जाऊन पडते.

प्रश्न : ताई, शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती माझी. मग नोकरी, संसार, ब्रश सुटला तो सुटलाच. आता रिटायर झालोय, वही घेऊन स्टेशनबाहेर बसतो पण रिक्षास्टँड, पूल, फेरीवाले, होर्डिंग, काय घेऊ आणि काय सोडू कळतच नाही. अर्ध्या तासात ऊन सरकतं, पान अर्धवट राहतं. (डोंबिवली)

उत्तर : काका, पान अर्धवट राहू द्या. परीक्षेत कागद भरलाच पाहिजे असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, कोपरा कोरा राहिला की मार्क जाणार, आणि ती भीती अजून हातातून जात नाही. वहीत आपण चित्र पूर्ण करत नाही, नोंद करतो. रिक्षास्टँडवर बसलात तर फक्त एक रिक्षा घ्या, तीही पूर्ण नको, ड्रायव्हर मागच्या सीटवर आडवा झालाय आणि पाय बाहेर आलेत तेवढंच काढा. बाकी पूल दोन रेषांत दाखवा किंवा दाखवूच नका.

आणि तुमच्याकडे एक गोष्ट तयार आहे जी नवीन लोकांकडे नसते, ती म्हणजे स्मरणचित्राचा सराव. आठवतं ना, भाजी मार्केट, बसस्टॉप, खेळाचं मैदान असले विषय यायचे आणि समोर काही नसताना माणसं रचायची. ते आता उलटं वापरा. समोरच्या माणसाकडे नीट बघा, कुठल्या पायावर वजन आहे, पिशवी कुठल्या खांद्याला आहे, मग मान खाली घालून एका दमात उतरवा, तोवर तो निघून गेला तरी फरक पडत नाही. तुमच्या हाताला ते येतं, फक्त बरीच वर्षं मागितलं नव्हतं कोणी.

प्रश्न : नक्की काय काय घेऊ? दुकानात गेले तर इतके प्रकार की घाबरून परत आले. बजेट जास्त नाहीये. (नाशिक)

उत्तर : पैसे कागदावर घाला, रंगांवर नंतर. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे आधी चोवीस रंगांचा डबा घेतात. साध्या ड्रॉइंगबुकचा कागद पातळ असतो, पाणी लागलं की फुगतो, खड्डे पडतात, रंग त्या खड्ड्यांत जाऊन साचतो आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) वॉटरकलर पेपर घ्या, शक्यतो कॉटनचा, कारण तो पाणी धरून ठेवतो आणि दुसरा हात मारला तरी पहिला रंग लगेच उचलून येत नाही. कॉटनची तयार वही महाग पडते हे खरं आहे, त्यामुळे सुटा मोठा कागद घ्या. फुल इम्पिरियल म्हणजे २२ बाय ३० इंच, त्याचे आठ तुकडे केले की साधारण साडेसात बाय अकराची पानं मिळतात, ती पुठ्ठ्यावर क्लिपने लावा, झालं काम, नंतर हवी तर शिवून घ्या. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिकडे कुणी जाणार असेल तर मागवून बघा. मात्र कुठलाही हातकागद घेताना विचारा की वॉटरकलरसाठी साइझिंग (पाणी लगेच आत जाऊ नये म्हणून दिलेला लेप) केलेला आहे का, नसेल तर तो टिपकागदासारखा सगळं शोषून घेतो.

रंग कॅमलचे स्टुडंटवाले चालतील सुरुवातीला. अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक लेमन यलो, एक लाल, एवढ्यात आपलं अख्खं शहर निघतं. काळा नको. ब्रश एकच, आठ नंबरचा गोल, टोक चांगलं येणारा. पेन वापरणार असाल तर वॉटरप्रूफ शाई लिहिलेलं बघून घ्या, आणि घरी एक रेघ मारून सुकल्यावर ओलं बोट फिरवा, पसरली तर ते पेन किराणाच्या यादीसाठी.

प्रश्न : माझी चित्रं मळकट होतात. रस्त्यावर रंग छान दिसतात, वहीत चिखल. (मुंबई, ठाणे, सांगली अशा बऱ्याच जणांचा प्रश्न)

उत्तर : याची दोन कारणं जवळपास नेहमी असतात. एक म्हणजे अर्धवट सुकलेल्या रंगाला परत हात लावणं. कागद पूर्ण ओला आहे तोवर खेळा, पूर्ण सुकला की परत खेळा, पण मधली जी वेळ असते, पाण्याची चमक गेलेली पण हाताला गार लागतंय, तेव्हा ब्रश खाली ठेवायचा. त्या वेळी एक थेंब पडला तरी फुलकोबीसारखा डाग येतो आणि तो घासायला गेलं की गेलंच सगळं. दुसरं म्हणजे सावलीसाठी काळा मिसळणं. त्याऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करा, निळा जास्त घेतला तर पावसाळी आभाळाचा करडा येतो, तपकिरी जास्त घेतला तर जुन्या चाळीच्या भिंतीचा, आणि शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात त्यामुळे भिंतीला आपोआप खरखरीतपणा येतो.

आता एक उदाहरण देते कारण नुसतं सांगून हे कळत नाही. जुलैमध्ये भाजीवाले निळी ताडपत्री बांधतात ना, ती सगळेजण काढतात, वर एक निळा पट्टा मारायचा आणि खाली नेहमीच्या रंगातली भाजी, नेहमीच्या रंगातली बाई. पण तिथे उभं राहून बघा. उजेड ताडपत्रीतून गाळून खाली येतोय, त्यामुळे खालचं सगळंच निळसर झालंय, लिंबं हिरवट दिसतात, टोमॅटो जांभळट, मावशींच्या कपाळावर आणि खांद्यावर निळा उजेड आहे, आणि फक्त पुढच्या कडेला, जिथे ताडपत्री संपते, तिथल्या दोन-तीन जुड्या खऱ्या हिरव्या आहेत. मग काय करायचं, आधी त्या कडेच्या जुड्या सोडून सगळ्यावर पातळ निळा वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा हात, द्यायचा, चेहऱ्यावरसुद्धा, न घाबरता, तो पूर्ण सुकू द्यायचा आणि त्यावर भाजीचे रंग. रंग मळकट नाही होत मग, कारण सगळे एकाच उजेडात असतात. हे फोटोत दिसत नाही बरं का, मोबाइल स्वतःच तो निळेपणा कमी करून टाकतो.

प्रश्न : फोटो काढून घरी शांतपणे रंगवलं तर चालतं का? (इंदूर)

उत्तर : चालतं, पण सवय लावू नका. फोटो समोर असला की आपण प्रत्येक खिडकीची प्रत्येक ग्रिल काढत बसतो. निदान रेषा जागेवर काढा, रंग घरी भरा.

प्रश्न : मला रस्त्यावर बसायची लाज वाटते. लोक मागे उभे राहून बघतात, कमेंट करतात. एकटी मुलगी वही घेऊन बसलीय म्हटल्यावर जास्तच. आणि एकदा एका फेरीवाल्याने माझं का काढतेस म्हणून हटकलं, तेव्हापासून बंदच केलं. (पुणे)

उत्तर : आधी हटकण्याबद्दल, कारण ते महत्त्वाचं आहे. फेरीवाल्याला वाटतं की कोणीतरी नोंद करतंय म्हणजे उद्या गाडी येणार माल उचलायला. त्याची भीती खरी आहे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यामुळे आधी जाऊन बोलायचं, काहीतरी विकत घ्यायचं, वही दाखवायची, आधीची पानं बघू द्यायची, मग विचारायचं की मी इथे बसून काढू का. नाही म्हणाला तर नाही, वाद घालायचा नाही. हो म्हणाला तर मात्र बहुतेक वेळा तो स्वतःच बघ्यांना बाजूला करतो, अरे ताईंना काढू दे की, आणि ते संरक्षण फार मोठं असतं. काढून झालं की दाखवा. लोक चुका काढत नाहीत, स्वतःची वस्तू शोधतात, माझा तराजू कुठंय, छत्री राहिली, आणि खरंच राहिलेली असते.

लाज जायला वेळ लागतो, तोवर पाठ भिंतीला लावून बसा म्हणजे मागे कोणी उभं राहूच शकत नाही. इराण्याकडे किंवा उडप्याकडे खिडकीचं टेबल, गर्दीची वेळ सोडून, एक चहा. तुम्ही पुण्यात आहात तर महात्मा फुले मंडईपासून सुरुवात करा, १८८६ ची ती इमारत, मधला उंच अष्टकोनी भाग आणि खाली उतरत्या फळ्यांवर लावलेली भाजी. तिथले गाळेवाले बघ्यांना सरावलेले आहेत आणि विक्रेते एकाच जागी तेच तेच हातवारे करत असतात, त्यामुळे एखादी पोझ चुकली तरी ती परत येतेच.

आणि ग्रुपमध्ये जा. अर्बन स्केचर्स नावाची जगभरची चळवळ आहे, सिएटलमधले पत्रकार आणि चित्रकार गॅब्रिएल कँपानारिओ यांनी २००७ मध्ये सुरू केलेली, जागेवर बसून समोर दिसतं तेच काढायचं हा त्यांचा मुख्य नियम. मुंबई-पुण्यातही त्यांचे ग्रुप आहेत. दहा जण ओळीने वह्या काढून बसले की बघणाऱ्यांना तो कार्यक्रम वाटतो, एकट्या मुलीकडे वळणाऱ्या नजरा कमी होतात.

प्रश्न : लोकलमध्ये किंवा बाजारात माणसं हलतात, गर्दी जमतच नाही. (विरार)

उत्तर : लोकलमध्ये झोपलेल्यांपासून सुरू करा, आणि चेहऱ्यापेक्षा हात काढा. कडी धरलेला हात, फोनवरचा अंगठा, मांडीवरचा डबा. हातावरून माणूस कळतो आणि कुणाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघावं लागत नाही, समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही.

बाजारातल्या गर्दीसाठी एक युक्ती आहे. सपाट रस्त्यावर तुम्ही उभे असाल तर जवळचा असो की लांबचा, तुमच्या उंचीच्या माणसांची डोकी साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात, फक्त पाय वरखाली होतात, जवळच्याचे खाली, लांबच्याचे वर. ती रेष आधी हलकी मारा आणि तिच्यावर डोकी ठेवत जा, लांबच्यांना पाय नकोच, खाली निमुळता होत जाणारा एक ठिपका पुरतो. आणि एकाच माणसाचं सगळं घेण्याचा हट्ट नको, डोकं एकाचं, पिशवी दुसऱ्याची, चालत नाही असं काही नाही.

प्रश्न : पावसाळ्यात रंग सुकतच नाहीत आणि पॅलेटला बुरशी आली. (रत्नागिरी)

उत्तर : कोकणात हे होणारच. ओलं पॅलेट कधीच बंद करू नका, घरी आल्यावर रात्रभर पंख्याखाली उघडं ठेवा. बुरशी वरवरची असेल तर ओल्या टिश्यूने पुसून घ्या, खोल गेली असेल तर तो रंग टाकून द्या. वहीची पानं एकमेकांना चिकटतात म्हणून मध्ये साधा कागद घाला. पावसात पाण्याचे थर कमी करा, पेनाच्या रेषा आणि एकच हलका वॉश. ओला रस्ता काढताना प्रतिबिंब सरळ खाली ओढा, आणि दिव्याचं प्रतिबिंब दिव्यापेक्षा थोडं गडद, काळ्या छत्रीचं मात्र थोडं फिकं.

प्रश्न : आमच्याकडे काढण्यासारखं काहीच नाही. ना किल्ला, ना घाट, ना समुद्र. नुसत्या बिल्डिंगा आणि मोटारसायकली. (पिंपरी)

उत्तर : हा प्रश्न मी शेवटी ठेवला कारण मला यावर सगळ्यात जास्त बोलायचंय. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्याच्या दीड महिना आधीच बेस्टची जुनी बिनएसी डबलडेकर गेली, आणि मग लोक हळहळले, फोटो काढायला धावले. पण इतकी वर्षं ती काळी-पिवळी रोज नाक्यावर उभी होती तेव्हा वर कॅरियरला बॅगा दोरीने कशा बांधल्यात, आत डॅशबोर्डवर कुठल्या देवाचा फोटो आहे, हे कितीजणांनी वहीत घेतलं? रोजचं असतं ते नेहमीच असणार असं आपल्याला वाटतं. म. वि. धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या साध्या माणसांची पोस्टकार्डं केली, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतला इतका मोठा चित्रकार, मोठमोठे पौराणिक विषय हाताळणारा, आणि तरी त्याला कोळीण, हमाल, पोलीस काढावेसे वाटले. आज त्या काळातलं नेसणं, पागोटी, वाहाणा बघायच्या असतील तर ती पोस्टकार्डंच कामाला येतात.

तुमच्या बिल्डिंगखाली इस्त्रीवाला असेल. त्याच्याकडे लोखंडी कोळशाची इस्त्री आहे की गॅसवरची, कपड्यांवर पाणी हाताने शिंपडतो की बाटलीने, कोणाचे कपडे कुठल्या चादरीत बांधलेत हे तो कसं लक्षात ठेवतो, गाडीच्या दांड्यावर शर्ट कसे लटकतात. मागे मीटरची पेटी, तिच्यावर चिकटवलेल्या क्लासच्या जाहिराती. पान तिथेच भरलं. शेजारी तारीख, वार, वेळ लिहा, एका शर्टाचे किती घेतो ते लिहा, आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा. हे लिहिणं सोडू नका, रंग पुढेमागे सुधारतीलच पण भाव आणि बोलणं नंतर आठवत नाही. मग शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटबाहेरचा वडापावचा गाडा, सिग्नलला थांबलेल्या मोटारसायकलींवर हेल्मेट, डबे, पोरांची दप्तरं कुठे कुठे अडकवलेली असतात ते. पिंपरीत कारखान्यांचं जेवढं आहे तेवढं मला इथे बसून बघायला मिळत नाही, त्यामुळे चार-पाच पानं झाली की फोटो काढून नक्की पाठवा, कशीही झालेली असू देत, पुढच्या अंकात त्यांवरच बोलू.