अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या कारकिर्दीत आठवणीत ठेवण्यासारखं काही घडलं का?

घडलं की! वशिल्याने नोकऱ्या वाटण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनीच वशिल्याविरुद्धच्या कायद्यावर सही केली.

1871 ते 1878 आर्थर न्यूयॉर्क बंदराचे कलेक्टर, म्हणजे तिथल्या जकातखात्याचे प्रमुख होते. देशाच्या जकातीचा सगळ्यात मोठा वाटा याच कचेरीत जमा व्हायचा. तिथे वर्णी लागायची ती रिपब्लिकन पुढारी रॉस्को कॉंक्लिंग यांच्या माणसांची, आणि त्यांच्या पगारातून पक्षाला हप्ता जायचा. आर्थर स्वतः पैसे खात नसत म्हणतात, पण खोगीरभरती त्यांच्या डोळ्यांदेखत चालायची. अखेर राष्ट्राध्यक्ष हेज यांनी त्यांना काढलं.

कॉंक्लिंग गटाची नाराजी नको म्हणून 1880 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गारफिल्ड यांच्या जोडीला आर्थरना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, आणि दोघे निवडून आले. 2 जुलै 1881 रोजी चार्ल्स गिटो याने गारफिल्डना गोळ्या घातल्या. सरकारी नोकरी मागून मागून थकलेला हा माणूस पकडला गेला तेव्हा म्हणाला, मी स्टॉलवर्ट (हे कॉंक्लिंग गटाचं नाव), आता आर्थर राष्ट्राध्यक्ष होणार! आर्थरना ते ऐकून काय वाटलं असेल?

गारफिल्ड अंथरुणाला खिळलेले असतानाच ज्युलिया सँड या अनोळखी बाईंचं आर्थरना पत्र आलं: लोकांना तुमची धास्ती वाटते, सुधारून दाखवा. अशी तेवीस पत्रं आली. आर्थरनी पुढे आपली बहुतेक कागदपत्रं जाळून टाकली, ही मात्र राहिली. एकदा तर आर्थर न कळवता या बाईंच्या घरी जाऊन थडकले.

गारफिल्ड त्या जखमांनी वारले, आर्थर राष्ट्राध्यक्ष झाले आणि 16 जानेवारी 1883 रोजी वशिल्याविरुद्धचा तो पेंडलटन कायदा झाला. ठरावीक पदं परीक्षेने भरायची, सक्तीची पक्षवर्गणी बंद. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के नोकऱ्याच यात आल्या. (नमुना ब्रिटिश परीक्षांचा होता. त्यांतली हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीची स्पर्धापरीक्षा 1855 पासूनची, हे एमपीएससीवाल्यांसाठी!) मला हे नुसतं हृदयपरिवर्तन वाटत नाही. 1882 च्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृह गमावलं होतं, उद्या सत्ता गेली तर आपली माणसं तरी टिकावीत हाही हिशेब होता.

आणि हेही विसरू नका: चिनी मजुरांच्या अमेरिकेत येण्यावरच्या 20 वर्षांच्या बंदीचं विधेयक त्यांनी परत पाठवलं, पण 6 मे 1882 रोजी 10 वर्षांच्या बंदीवर सही केली. ती बंदी वाढत वाढत 1943 पर्यंत चालली.